दुसऱ्या शनिवारचा खिळा

घोळ घातला तो बाइंडरने. मधलीने त्याला तीनतीनदा बजावलं होतं, तिन्ही प्रती कॉलेजात पोहोचव, तिसरा मजला, संध्याकाळच्या वर्गांचं ऑफिस. त्याने मानही डोलावली होती. पण निळ्या कापडी पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत सगळ्यांत ठळक छापलं होतं ते त्यांच्या नाट्यगृहाचं नाव, आणि बाइंडर पडला सरळ माणूस. ज्याचं नाव, त्याच्या दारात नेऊन टाकलं.

दुपारी साडेचारला मधली मागच्या दाराने नेपथ्याच्या कारखान्यात शिरली, तेव्हा तिचा दोन वर्षांचा प्रबंध सुताराच्या लांब टेबलावर सरसाच्या डब्याला टेकून बसला होता. एक प्रत उघडी. तिच्यावर दादा वाकलेला, चष्मा कपाळावर, बोट सहासष्टाव्या पानावर.

"ये," तो मान वर न करता म्हणाला. "छान लिहितेस गं. मला वाटायचं, तुमच्या रात्रशाळेत टाळ्या वाजवायला शिकवतात."

मधलीने पिशवी खांद्यावरून काढली नाही. काढली तर थांबावं लागेल असं वाटलं.

"ते कॉलेजात जायचं होतं."

"जाईल ना. वाचून झालं की जाईल."

खिडकीशी वहिनी एका जुन्या सैनिकी कोटाला बटण लावत बसली होती. रंगपट तिच्याकडे, सगळे कपडे, शाली, मुकुट, चपला. तिने मधलीकडे पाहिलं, डोळ्यांनीच सांगितलं, मी थांबवायला बघितलं, आणि पुन्हा सुईकडे वळली.

घरात त्याला रात्रशाळाच म्हणत. कला-व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम हे नाव कुणाच्या जिभेवर नीट बसलं नाही. आत्या तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "कलेचं व्यवस्थापन म्हणजे काय गं? तिला रांगेत उभी करायची?" आठवड्यातल्या चार संध्याकाळी, साडेसहा ते नऊ. वर्गात बावीस जण. संग्रहालयातला पहारेकरी, नाच शिकवणारी एक बाई, ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा एक जाडजूड गृहस्थ जो बाकाखाली बूट काढून बसायचा. सगळे दिवसभर वापरून झालेले, जांभया गिळत अनुदानाचे अर्ज कसे लिहावेत ते शिकणारे. संध्याकाळ सगळ्यांच्या वाट्याला एकेकच येते. कुणी ती घरी नेतं, कुणी विकतं, कुणाची वाटेतच सांडते. मधलीने दोन वर्षं आपली संध्याकाळ घडी घालून वहीत ठेवली होती.

आणि आता वही मिटायची वेळ आली होती. साडेसातला तोंडी परीक्षा. त्याआधी सातला ऑफिसची खिडकी बंद व्हायच्या आत संमतिपत्र द्यायचं, ज्या संस्थेवर प्रबंध लिहिला तिच्या प्रमुखाच्या सहीचं. पत्र पिशवीत होतं. सहीची जागा रिकामी होती. सही वडिलांची, अप्पांची लागणार होती, आणि गेला महिनाभर मधली स्वतःला सांगत होती की विचारायला वेळच मिळत नाही.

सही झाली की परीक्षा, परीक्षा झाली की पदवी, पदवी झाली की नोकरी. शहराच्या कलाकेंद्राने कार्यक्रम-प्रमुखाची जागा तिच्यासाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला पहिल्यांदा कुणीतरी पद देऊ केलं होतं. घरच्या नाट्यगृहात ती वीस वर्षं तारखा सांभाळत होती, भांडणं मिटवत होती, खुर्च्यांचे फाटलेले पाठ शिवून घेत होती. पण तिथे तिचं पद 'मधली' एवढंच होतं. धाकटी परदेशी निघून गेल्यावर मधे तरी कुणाच्या उरली होती ती, कोण जाणे.

"'संस्थेतील निर्णय नोंदींवर नव्हे, तर आठवणींवर चालतात,'" दादाने मोठ्याने वाचलं. "वा! हे मी वीस वर्षं ओरडून सांगतोय, मला कुणी पदवी दिली नाही."

"तू ओरडतोस म्हणून," वहिनी दोरा तोडत म्हणाली.

दादाने चष्मा नाकावर घेतला. नाट्यगृहाचे दिवे, तारा, जनरेटर त्याच्याकडे. बोटांवर कायम कुठेतरी चटका, बोलण्यातही. पण आत्ता त्याने आवाज खाली आणला.

"हे बघ मधले. सरळ बोलतो. अप्पा ह्याच्यावर सही करणार नाहीत. चौथं प्रकरण ऐकलं तर पेनच मोडून टाकतील. पण पाच वाजता ते इथे येणार आणि तारखांचा फळा कुणाला तरी देणार. बरोबर?"

"बरोबर."

"मला दिला तर प्रमुख कोण? मी. मग सही कुणाची? माझी. आत्ता करतो, उभ्या उभ्या. तू फक्त म्हण, दादाला द्या. आत्याला तू हवी आहेस फळ्यावर. तूच नको म्हटलंस की ती गप्प बसेल."

"आणि तुला काय मिळणार?"

"मला तुझं चौथं प्रकरण," दादा हसला. "मेलेल्या चकत्या खाली. दुसरा शनिवार मोकळा. कंपन्यांच्या बैठका आहेत, बक्षीससमारंभ आहेत, लोक तारखा मागून थकले. तू लिहिलंयस, मी करतो. बघ, भावंडांनी मिळून काही केलं असं म्हणतील तरी."

मधली भिंतीकडे पाहत राहिली. तिथे फळा होता. आजोबांनी पहिल्या नाटकातलं दार उचकटून भिंतीवर आडवं ठोकलेलं, त्याच्यावर महिन्यांच्या बारा ओळी, प्रत्येक ओळीत दिवसांचे खिळे. जी नाटकमंडळी इथे पहिला प्रयोग करी, तिच्या त्या पहिल्या नेपथ्यातली हातभर फळी मागून घ्यायची आणि तिच्यातून चकती कापायची, ही घरची रीत. कुणाची चकती राजवाड्याच्या खांबाची, सोनेरी. कुणाची तुरुंगाच्या भिंतीची, राखी. चकती खिळ्यावर चढली की तारीख दिली. कागद नाही, करार नाही. चढवायचा हक्क एकट्या अप्पांचा.

आणि प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एकच चकती. हिरवी, कुठल्याशा बागेच्या कुंपणाची, एका कडेला करपलेली. जिची ती होती ती मंडळी अकरा वर्षांपूर्वी मोडली होती.

होय म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. तो जिभेवर आलाही, गोड आणि थोडा कुजका.

"चौथं प्रकरण मला आधी दाखवायचं होतंस," वहिनी एकदम म्हणाली.

"का गं?"

"काही नाही. ती कात्री दे."

मधली आणखी विचारणार, तेवढ्यात विंगेतून काठीचा आवाज आला. आधी काठी, मग आत्याचा आवाज, मग अप्पा.

"उंबरा आहे, पाय उचल. अरे उचल म्हणजे वर, पुढे नाही! ह्याला एका डोळ्याने दिसतं आणि दोन्ही पायांनी चालायचं असतं."

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठवडा झाला होता. अप्पांनी हिरवी पट्टी लावली होती, तिच्यामुळे त्यांचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा चेहरा एखाद्या चाच्यासारखा दिसत होता. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटी. चाळीसएक वर्षं तिकीटखिडकीत बसून तिची पाठ खिडकीच्या मापाची झाली होती. तिने अप्पांना सिंहासनावर बसवलं. खरोखरच्या सिंहासनावर, गेल्या महिन्यातल्या ऐतिहासिक नाटकाचं ते अजून कुणी न्यायला आलं नव्हतं.

"बसलो," अप्पा म्हणाले. "आता राज्य वाटतो."

"आधी चहा," आत्या म्हणाली. मग तिला टेबलावरच्या निळ्या वह्या दिसल्या. "हे काय? कुणाची पत्रिका छापून आली?"

दादाला राहवलं नाही.

"मधलीचा अभ्यास. आपल्या नाट्यगृहावर लिहिलाय. आपल्या सगळ्यांवर."

आत्याने एक प्रत उचलली, हातावर तोलली, जशी ती नोटांची गड्डी तोलायची. "एवढं? आपल्याबद्दल एवढं आहे?"

"आत्या, मी सांगणार होते..."

"कधी? छापून झाल्यावर? परीक्षक वाचून झाल्यावर?" आत्याचा आवाज चढला. "घरात जेवायचं, घरात झोपायचं आणि घरातली मापं काढून बाहेर नेऊन लावायची! लोक शेजाऱ्यांचं तरी लिहितात!"

"घरचं म्हणूनच लिहिलं. हे तुमचं नाट्यगृह मला मरताना बघायचं नाहीये."

"मरतंय कोण? कोण म्हणालं मरतंय?"

"तिने आकडे दिलेत, आत्या," दादा मधे पडला. "माझ्यावरही लिहिलंय, मी चिडलो का? पान नव्वद. 'दुसऱ्या फळीतील व्यक्तींकडे पत्रव्यवहार साचून राहतो.' हा मी. साचलेला."

वहिनी खुदकन हसली. दादाने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण मधलीला कळलं की तो आतून दुखावलाय, आणि तरी आपल्या बाजूने बोलतोय. त्याचा सौदा होता, हे खरं. तरी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

"मधले," अप्पा म्हणाले.

"काय लागतंय तुला? सरळ सांग. तू पिशवी धरून उभी आहेस, म्हणजे काहीतरी लागतंय."

"सही, अप्पा. सातच्या आत. नाहीतर आज परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर ती कलाकेंद्राची जागा गेली."

"माझ्याबद्दल काय लिहिलंस?"

"चौथं प्रकरण तुमच्याबद्दल आहे."

"मग वाच. मला दिसत नाही आणि न वाचता सही मी फक्त लग्नात केली होती."

घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉलेजला पोहोचायला पाऊण तास. मधलीने प्रत उघडली. रात्री जागून घासूनपुसून बसवलेली ती वाक्यं तिला इतके दिवस नेटकी वाटली होती. आता ती ह्या कारखान्यात, भुशाच्या वासात, ज्यांच्यावर लिहिली त्यांच्यासमोर उच्चारायची होती, आणि प्रत्येक वाक्य तोंडात येऊन कडक इस्त्रीच्या कापडासारखं टोचत होतं.

"'दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नाट्यगृह अंधारात असते. या तारखेवर एका विसर्जित मंडळीची चकती टांगलेली आढळते. अकरा वर्षांत अशा एकशे बत्तीस संध्याकाळी...'"

"नऊ," आत्या म्हणाली. ती कपात चहा ओतत होती.

"काय?"

"नऊ वर्षं. अकरा नाही. चुकीचं लिहू नकोस."

"अकराच आहेत, आत्या. माझ्या दरवर्षीच्या डायऱ्यांत नोंद आहे. मी मोजलंय."

"अगं, नऊ म्हणते ना! माझे गुडघे गेले, ती दोन वर्षं मी कुठे स्टेजवर चढले..."

चहा कपातून बशीत, बशीतून टेबलावर गेला. आत्याने किटली खाली ठेवली नाही. धरूनच राहिली, आणि तिचं तोंड हळूहळू मिटलं, तिकिटं संपल्यावर ती खिडकीची लाकडी फळी ओढून घ्यायची तसं.

वहिनी उठली. फडक्याने टेबल पुसलं, आत्याच्या हातातून किटली काढून घेतली. कुणालाही काही न विचारता.

"स्टेजवर?" दादा म्हणाला. "तू? कशाला?"

"खुर्च्या बघायला," आत्या म्हणाली.

"खुर्च्या स्टेजवर नसतात."

मधलीला माहीत होतं ते एवढंच: आत्या बाविसाची असताना त्या हिरव्या कुंपणाच्या मंडळीत तिने एक काम केलं होतं. अकरा प्रयोग. मग आजोबा म्हणाले, खिडकीला घरचं माणूस हवं, आणि आत्या खिडकीत बसली. घरात ही गोष्ट हसत हसत सांगत. आत्याही हसत सांगे. ती गोष्ट मधलीच्या प्रबंधात नव्हती. तिथे तिची गरजच पडली नव्हती.

"तूच टांगायचीस ती चकती?" मधलीने विचारलं.

"मंडळी मोडली, त्यांचा शनिवार मोडायचा होता. मी म्हटलं, एक महिना राहू दे." आत्या जमिनीशी बोलत होती. "हॉल रिकामा. सगळे घरी. मी नुसती चढले वर. सगळं आठवत होतं गं. एक शब्द विसरले नव्हते. मग पुढल्या महिन्यात पुन्हा. शेवटाला यायला पाऊण तास लागतो, माझं काम तसं लहानच आहे. साडेआठला मी घरी असायचे. कुणाचं काही घेतलं नाही मी."

"आणि तो बल्ब!" दादा ताडकन उठला. "मधल्या विंगेतला कामाचा बल्ब! दर महिन्याला आपोआप पेटलेला! मी दोनदा वायरिंग बदललं त्या बल्बापायी! एकदा भिंत फोडली!"

"बल्ब मी नाही लावला. तो चालूच असायचा. मला वाटायचं, तू विसरतोस."

"मी? मी बल्ब विसरतो?"

"पण आत्या," मधली म्हणाली, आणि आपण काय विचारतोय हे तिला विचारता विचारताच कळत गेलं, "चकती त्या दोन वर्षांतही होती. गुडघ्यांच्या. माझ्या डायरीत आहे. प्रत्येक दुसऱ्या शनिवारी."

आत्याने मान वर केली. मधलीकडे नाही, सिंहासनाकडे पाहिलं.

अप्पा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते.

"तारीख दिली की दिली," ते म्हणाले. "तू दवाखान्यात पडलीस म्हणून दुसऱ्याला देऊन टाकू?"

"तुला माहीत होतं?"

"मालक आहे मी इथला. माझ्या फळ्याला कुणी हात लावला तर मला कळणार नाही?"

"आणि बल्ब?"

"अंधारात पडली असतीस, चिमे."

चिमी हे नाव मधलीने जन्मात ऐकलं नव्हतं. ह्या बाईला कुणीतरी चिमी म्हणतं, म्हणायचं, हे तिला बसलेल्या धक्क्यांतलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत खोल गेलेलं होतं.

"बसून बघायचास?" आत्याचा आवाज फाटला. "एवढी वर्षं? मागे बसून?"

"दिव्यांच्या खोलीतून. आवाज नीट येत नाही तिथे." अप्पा म्हणाले. "पाठ करायला बसलो असतो तर माझंही झालं असतं."

आत्या रडेल असं वाटलं होतं. ती भडकली. "लाज नाही वाटत? विनातिकीट!"

मग तिने तोंडाला पदर लावला आणि खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. वहिनी तिच्या मागे गेली, हात नुसता पाठीजवळ धरून.

"तुला माहीत होतं, वहिनी," मधली म्हणाली.

"शालीची घडी," वहिनी म्हणाली. "बागेच्या नाटकातली पांढरी शाल. मी चौकोनी घडी घालते. दुसऱ्या रविवारी ती लांबट असायची. मी पुन्हा चौकोनी करायचे."

म्हणजे अप्पांना माहीत होतं, वहिनीला माहीत होतं. एकाला फळ्यावरून, एकीला घडीवरून. माहीत नव्हतं ते दादाला, जो भिंती फोडत होता, आणि तिला, जिने ह्यावर दोन वर्षं अभ्यास केला. मार्गदर्शक बाईंनी दुसऱ्याच मसुद्यावर लाल पेन्सिलने लिहिलं होतं, 'मुलाखती कुठे आहेत?' मधलीने खाली उत्तर लिहिलं होतं, 'संशोधक घरातलीच असल्याने आवश्यकता भासली नाही.' ते वाक्य तसंच प्रस्तावनेत होतं. छापलेलं. बांधलेलं.

"पावणेसहा," दादा म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता, पण तो दादाच होता. "हे बघा, झालं ते झालं. मधले, कागद काढ. कारण बदललं असेल, अंधार तोच आहे. चोवीस नव्या गटांना आपण नाही म्हटलं, हे तूच लिहिलंस. ते खरंच आहे ना?"

"ते खरं आहे."

"मग?"

"मग खाली लिहिलंय, 'संस्थाप्रमुखांचा गतकाळाविषयीचा भावनिक ओढा.' ते खोटं आहे."

"चूक आहे. खोटं नाही."

"विचारलं नाही आणि ठासून लिहिलं, दादा. त्याला काय म्हणायचं?"

"राहू दे तसंच," अप्पा सिंहासनातून म्हणाले. "माझ्याच नावावर राहू दे ते. लोकांना सांगायला बरं, म्हातारा हळवा होता. तिचं नाव नको त्यात. आण कागद, कुठे करायची सही दाखव."

त्यांनी हात पुढे केला. उघडा, वाट पाहणारा. दुसऱ्या बाजूने दादाने पेनचं टोपण काढून ठेवलेलं. एक सही हवी होती, दोन मिळत होत्या. मधलीच्या बोटांनी पिशवीची चेन उघडली, कागदाची कड चिमटीत धरली. बस आत्ता पकडली तर पोहोचता येत होतं. कलाकेंद्रातली ती मोठ्या काचेची खोली तिला दिसली, दारावरची पाटी, पाटीवर पद. तिथे तिला कुणी मधली म्हणणार नव्हतं.

खिडकीशी आत्याची पाठ. तिने एकदाही वळून 'करू नकोस' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर सोपं झालं असतं.

मधलीने चेन लावली आणि फोन काढला.

मार्गदर्शक बाईंनी तिसऱ्या रिंगला उचलला. मागे जिन्यातली गडबड, कुणीतरी खुर्च्या ओढत होतं. "कुठे आहात? परीक्षक निघालेत."

"बाई, माझं चौथं प्रकरण चुकलंय."

"कुठल्या अर्थाने?"

"मी विचारलंच नाही कुणाला."

बाई म्हणाल्या, "हे मी दीड वर्षापूर्वी म्हटलं होतं." आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आज परीक्षा नाही दिलीत तर पुढचं सत्र. सहा महिने. फी पुन्हा. आणि ती जागा?"

"जाईल."

"नक्की?"

मधलीला वाटलं होतं, असं काही करताना माणसाला आत कुठेतरी शांत वाटत असेल. तसं काही वाटलं नाही. तळपायाला मुंग्या आल्या, पळत सुटावं, बस गाठावी, अजून गाठता येईल. "नक्की," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावरही पाय जागच्या जागी हलत राहिले.

"वेडी आहेस," दादा म्हणाला. तो खरंच कळवळला होता. "सहा महिन्यांनी अशी जागा निघणार आहे का? ह्या म्हाताऱ्यांसाठी?"

"त्यांच्यासाठी नाही. उद्या तिथे काचेच्या खोलीत बसून मी असंच काहीतरी दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलं असतं. आणि त्यांच्या घरात कुणी 'नऊ' म्हणायला नसतं."

दादाने पेनचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"फळ्याचं राहिलं," अप्पा म्हणाले. "मधले, तू घे."

"दादाला द्या."

आत्या गर्रकन वळली. दादाही दचकला. आता तर सौद्याला दुसरी बाजूच उरली नव्हती.

"सौदा म्हणून म्हणत नाही," मधली म्हणाली. "आपल्यात कागद मागणारा तो एकटाच आहे. चोवीस गट परत गेले, अप्पा. त्यांनाही कुणी विचारलं नाही."

अप्पांनी होकाराची मान हलवली. दादा उठला, फळ्यापाशी गेला, आणि ज्याची एवढी घाई होती त्याच्यासमोर हात खिशात घालून नुसता उभा राहिला.

"आणि माझा शनिवार?" आत्याने विचारलं.

दादाने घसा साफ केला. "अर्ज कर."

"मेल्या! मी अर्ज करू?"

"सगळेच करणार आता. तारीख, वेळ, कारण. विचार करून सांगतो."

"कारण लिहू? चाळीस वर्षं तुझ्या नाट्यगृहाची तिकिटं फाडली, कारण?"

"ते लिही. चांगलं आहे ते," दादा म्हणाला, आणि आत्या त्याच्या अंगावर धावून जाणार की हसणार हे कुणालाच, तिलाही, ठरवता येईना.

मधलीने सुताराच्या टेबलावरच्या निळ्या प्रती एकावर एक रचून बाजूला सारल्या. पिशवीतून वही काढली, कोरं पान. एक स्टूल ओढून आत्याकडे सरकवलं. दुसऱ्यावर स्वतः बसली. गुडघा खालीवर उडत होता, तो तिने हाताने दाबून धरला. वर्गात मुलाखतीचा नमुना शिकवला होता, त्यातला पहिला प्रश्न तिला पाठ होता.

"आत्या, बस. संस्थेतलं तुझं पद काय?"

"आता काय परीक्षा आहे का तुझी? ती तर बुडवलीस."

"सांग ना."

"पद!" आत्या स्टुलावर बसली. तिने अप्पांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग वहीतल्या कोऱ्या पानाकडे. खांदे जरा मागे गेले. खिडकीच्या मापाची ती पाठ सरळ होत होती, हळू, दुखत दुखत. "पद काही नाही. काम सांगते. लिहितेस?"

"लिहिते."

"पडदा वर जातो तेव्हा मी आधीच स्टेजवर असते," आत्या म्हणाली. "कुंपणाच्या आत. पाठमोरी. लोकांना वाटतं, ती फुलं तोडतेय. मी तोडत नसते काही. मी मोजत असते, किती आलेत."